गळ, गेम वॉर्डन आणि बाबांचं एसटीचं तिकीट

बाबांना पहिल्यांदा फोनवर सांगितलं की इकडे मासे गरवायला लायसन्स लागतं, तर ते दोन मिनिटं काही बोललेच नाहीत, मग म्हणाले, "गाडीचं ना?" म्हटलं गाडीचं वेगळं, हे माशांचं वेगळं. "म्हणजे मासा धरायला सरकारचा परवाना?" आणि मग जे हसत सुटले ते आईला बोलावून, शेजारच्या काकांना बोलावून. चिपळूणजवळच्या आमच्या गावात पाऊस लागला की घरामागच्या पऱ्याला, म्हणजे ओढ्याला, चढणीचे मासे येतात, मळये, खवळे, जे काय असेल ते, आणि सगळा वाडा गॅसबत्त्या घेऊन पाण्यात उतरतो, कुणी पाग टाकतं, कुणी घमेलं लावतं, आमचे आजोबा तर जुन्या धोतरात मासे धरायचे. तिथे कुणी परवाना विचारला असता तर त्यालाच पऱ्यात ढकलला असता.

पण मी टेक्सासात, डॅलसच्या उत्तरेला राहतो आणि इथे विचारतात. 2017 च्या शेवटी न्यू जर्सीतून इकडे आलो. पुढच्या जुलैत ऑफिसातल्या एका टेक्सन कलीगने तळ्यावर मासे गरवायला बोलावलं, म्हणाला ये, फक्त लायसन्स काढून ये. मी म्हटलं हरकत नाही, आपण काय, एच-वन बी व्हिसा काढलेली माणसं, माशांचं लायसन्स म्हणजे किस झाडकी पत्ती.

तर गेलो एका मोठ्या दुकानात, मागच्या बाजूला गळ-काठ्यांचा आणि बंदुकांचा काउंटर असतो तिथे. काउंटरवरच्या बाईने ड्रायव्हिंग लायसन्स घेतलं आणि प्रश्न सुरू. टेक्सासात सहा महिने सलग राहिलायस का? (त्याहून जास्त राहिलो असलो तरच रेसिडेंटचा दर, नाहीतर जवळजवळ दुप्पट.) उंची? वजन? डोळ्यांचा रंग? केसांचा रंग? मी म्हटलं काळे, ती म्हणाली डोळे की केस, म्हटलं दोन्ही. मग सोशल सिक्युरिटी नंबर, म्हणजे इथला सरकारी ओळख नंबर. इथे मी जरा दचकलो, मासे धरायला सोशल कशाला? तिला माहीत नव्हतं, ती म्हणाली कॉम्प्युटर मागतो. नंतर शोधलं तर गंमत कळली, एका फेडरल कायद्यामुळे राज्यांना असल्या हौशी लायसन्सवरही तो नंबर घ्यावा लागतो, कारण काय तर घटस्फोटानंतर पोरांची पोटगी बुडवून पळालेले बाप सापडावेत. म्हणजे बाप पोरांचे पैसे देत नाही पण रविवारी गळ टाकायला मात्र जातो, आणि सरकारला हे बरोबर माहितीये.

30 डॉलर दिले, फ्रेशवॉटर पॅकेज, म्हणजे गोड्या पाण्याचं. समुद्राचं वेगळं 35 ला आणि दोन्हीचं मिळून 40 ला. छान लांबडा कागद मिळाला, मी तो चार घड्या घालून पाकिटात ठेवला आणि बायकोला दाखवला, तिने ढुंकून पाहिलं नाही.

आता खरी चूक. त्या कागदावर एक्स्पायरी छापलेली असते, मी वाचलीच नाही. डोक्यात असं की वर्षाचं लायसन्स म्हणजे आज काढलं तर पुढच्या जुलैपर्यंत. तर टेक्सासचं लायसन्स वर्ष असतं 1 सप्टेंबर ते 31 ऑगस्ट. जुलैत काढा नाहीतर डिसेंबरात काढा, 31 ऑगस्टला खेळ खलास. म्हणजे मी 30 डॉलर मोजले सहा आठवड्यांसाठी! आणि हे मला कधी कळलं तर लेबर डेच्या वीकेंडला, म्हणजे सप्टेंबरच्या पहिल्या रविवारी, काठावर खुर्ची टाकून, गळ पाण्यात, आणि समोर गेम वॉर्डन.

गेम वॉर्डन म्हणजे आपल्याकडचा फॉरेस्ट गार्ड समजू नका. कमरेला पिस्तूल, पूर्ण पोलिसाचे अधिकार असलेला माणूस, टेक्सास पार्क्स अँड वाइल्डलाइफ खात्याचा. बोलतो मात्र अगदी गोड. कसं काय, काही लागलं का, वगैरे, आणि मग लायसन्स प्लीज. मी ऐटीत पाकिटातून कागद काढला. त्याने बघितला, परत दिला, आणि तारखेवर बोट ठेवलं. मला दरदरून घाम. विना लायसन्स मासेमारी म्हणजे इथे क्लास सी गुन्हा, दंड 25 ते 500 डॉलर, पैशाचं एवढं नाही, पण व्हिसावरच्या माणसाला गुन्हा हा शब्द नुसता ऐकला तरी एच-वन बी, ग्रीन कार्डाची फाइल, घराचं लोन, सगळं डोळ्यासमोर नाचतं. मी त्याला सगळं भडाभडा सांगितलं, जुलैत काढलं हो, मला वाटलं वर्षभर. त्याला ही गोष्ट बहुतेक नवी नसावी. वॉर्निंग देऊन सोडलं, गळ मात्र गुंडाळायला लावला, आणि जाता जाता म्हणाला फोनवर इयर-फ्रॉम-पर्चेस वालं घे, तुला तेच बरं.

ते 47 डॉलरचं, ऑल-वॉटर, म्हणजे गोड्या-खाऱ्या दोन्ही पाण्याचं, आणि ज्या महिन्यात घ्याल त्या महिन्याच्या अखेरपर्यंत पुढच्या वर्षी चालतं. पार्किंगमध्ये गाडीत बसूनच घेतलं. क्रेडिट कार्ड टाकलं, ईमेल आला, झालं. पुढे दोनेक वर्षांत माझी तारीख घसरत घसरत जूनवर आली, 2020 च्या जूनमध्ये घरात बसून वेड लागायची वेळ आली तेव्हा काढलं होतं, आणि तेव्हापासून दरवर्षी 30 जून ही माझी एक्स्पायरी. इथे नवीन असाल आणि उन्हाळ्यात लायसन्स काढणार असाल तर एवढं एक ऐका, साधं पॅकेज 15 ऑगस्टच्या आत घेऊ नका, 15 ला पुढच्या वर्षाची विक्री सुरू होते.

लायसन्स फोनवर आल्यापासून ते घेणं म्हणजे चहा करण्याइतकं सोपं झालंय, यात वादच नाही. कायद्यालाही ते चालतं, लायसन्सचा फोटो, ईमेलवरची रिसीट, ॲपमधली नोंद, काहीही दाखवा. नियमांचं ॲपही मस्त आहे, आउटडोर ॲन्युअल नावाचं, नेटवर्क नसलं तरी चालतं, कुठला मासा किती इंचाचा, किती घरी न्यायचे, सगळं त्यात. आणि हे नियम असे की पाठ करायला जन्म जावा. व्हाइट बास 10 इंचांच्या वर आणि दिवसाला 25, लार्जमाउथ बास 14 इंच आणि पाच. ओक्लाहोमाच्या सीमेवर लेक टेक्सोमा आहे तिथे तर कहरच, तळं एक, राज्यं दोन, टेक्सासचं लायसन्स टेक्सासच्या पाण्यापुरतंच, मासा पळत पलीकडे गेला की तुम्ही परप्रांतीय. तेवढ्यासाठी 12 डॉलरचं वेगळं टेक्सोमा लायसन्स मिळतं, ते घेतलं की दोन्हीकडे मोकळे.

शिकारीच्या लायसन्सचंही एक सांगतो कारण आपल्या लोकांत त्याची फार कुजबुज असते. आपल्याकडे 1972 च्या वन्यजीव कायद्यानंतर शिकार हा विषयच संपला, त्यामुळे आपल्या एखाद्या माणसाच्या फोनमध्ये हंटिंग लायसन्स दिसलं की आपण चमकतो. माझ्या एका मित्राकडे आहे, सोलापूरचा, घरी पाल मारायलाही बायकोला हाक मारतो. त्याला रेंजवर जाऊन नेमबाजी करायची हौस. अमेरिकेच्या फेडरल कायद्यात नॉन-इमिग्रंट व्हिसावर आलेल्या माणसाला बंदूक किंवा गोळ्या जवळ बाळगायला बंदी आहे, रेंजवर भाड्याने घेतलेली सुद्धा, पण त्याला काही अपवाद आहेत आणि त्यातला एक म्हणजे कुठल्यातरी राज्याचं चालू हंटिंग लायसन्स जवळ असणं. म्हणून तो न चुकता दरवर्षी काढतो, हरणाकडे बघतही नाही. आता विचार करा, याचं लायसन्स 31 ऑगस्टला संपलं आणि हा 1 सप्टेंबरला रेंजवर गेला तर ते माझ्या माशाच्या वॉर्निंगसारखं प्रकरण नाही, फेडरल आहे. त्याने फोनमध्ये तीन अलार्म लावलेत. (व्हिसावर असाल तर माझ्या लिखाणावर जाऊ नका, आधी वकिलाला विचारा.) आणि प्रत्यक्ष शिकारीला जायचं तर 2 सप्टेंबर 1971 ला किंवा नंतर जन्मलेल्यांना हंटर एज्युकेशनचा कोर्सही करावा लागतो, सतरा आणि त्यावरच्यांना तो ऑनलाइन होतो. मी अजून त्या वाटेला गेलेलो नाही.

तर बाबांकडे येतो. 2024 च्या मार्चमध्ये आई-बाबा आले. बाबा एसटीतून कंडक्टर म्हणून रिटायर झालेत, चिपळूण डेपो. आणि मार्च म्हणजे इथे व्हाइट बास, ज्याला इकडचे लोक सँड बास म्हणतात, तो तळ्यातून ओढ्यांमध्ये उलटा वर चढतो, अंडी घालायला. मी पहिल्या वर्षी हे बघितलं तेव्हा अंगावर काटा आला होता, अरे हे तर आपले चढणीचेच मासे, फक्त पाऊस नाही आणि गॅसबत्ती नाही. हे बाबांना दाखवायचंच असं ठरवलेलं.

पण बाबांचं लायसन्स? बाहेरच्या माणसाचं एक दिवसाचं 16 डॉलर. बाबांनी लगेच हिशोब केला, तेराशे रुपयांच्या वर. "तेराशे रुपयात मी बाजारातून पापलेट आणीन." म्हटलं बाबा मी भरतो, तर म्हणे प्रश्न पैशाचा नाही, तत्त्वाचा आहे, मी नुसता बघेन. आठ वर्षांच्या नातीला लायसन्स लागत नाही कारण ती सतराच्या खाली, हे कळल्यावर तर अजूनच गाल फुगवून बसले, पोरीने गरवायचं आणि मी बघायचं.

सकाळी साडेसहाला ओढ्यावर पोचलो. थंडी बरीच. काठाकाठाने माणसं उभी आणि पाण्यात चंदेरी पाठी वळवळतायत. पोरीला दुसऱ्याच फेकीत लागला, मलाही लागला, मी सगळं शूट करतोय आईला दाखवायला, आणि बाबांचे हात कोटाच्या खिशात नुसते वळवळतायत. एक मासा काढून मी त्याच्या तोंडातली गरी सोडवत होतो, काठी कुठे ठेवू म्हणून बाबांकडे दिली, फक्त धरा म्हटलं, आणि नेमका त्याच क्षणी झाडीतून हिरव्या शर्टातला माणूस बाहेर आला.

बाबांनी काठी अशी काही जमिनीवर ठेवली की जशी ती आपोआप तिथे उगवली. हात मागे, सरळ उभे. चाळीस वर्षं लाइन चेकिंगची जीप लांबून ओळखणारा माणूस, त्याला गणवेश कळतो. नंतर मला म्हणाले, "चालायची पद्धतच तशी होती रे, हा तपासणीवाला."

लायसन्स प्लीज. मी खिशातून फोन काढला आणि तमाशा सुरू झाला. हात माशाच्या बुळबुळीने भरलेले, बोटाने उघडेना. तोंडाने उघडावा तर तोंडाला थंडीसाठी बांधलेलं फडकं. ते काढलं, उघडला, तर बॅटरी 4 टक्के, कारण सकाळपासून व्हिडिओ. ॲप उघडलं तर ते म्हणे लॉगिन करा, फोन बदलल्यापासून मी त्यात लॉगिनच केलं नव्हतं, चूक माझीच, घरी वायफायवर करून ठेवायचं असतं, आणि तिथे रेंज एक काडी. मग गॅलरीत स्क्रीनशॉट शोधला, सापडला, मोठ्या आत्मविश्वासाने स्क्रीन त्याच्याकडे वळवली. त्याने वाकून बघितलं, उन्हात हात आडवा धरला, आणि म्हणाला, सर, हे गेल्या वर्षीचं आहे.

परत तेच! सहा वर्षांनी, तसंच काठावर, तीच तारीख आणि तेच बोट. माझं लायसन्स चालू होतं हो, जूनपर्यंत, पण दाखवता येईना. शेवटी ईमेल उघडली, रिसीट गोल गोल फिरत बसली, 3 टक्के, 2 टक्के, आणि मग आली. त्याने बघितली, नाव जुळवलं, थँक्यू म्हणाला, आमची बादली तपासली. एका माशाबद्दल त्याला शंका आली म्हणून त्याने पट्टी काढली. हे मात्र बघण्यासारखं होतं. मासा पट्टीवर आडवा, तोंड मिटवलेलं, नाक बरोबर शून्याला टेकवलं, आणि शेपटीची दोन्ही टोकं चिमटीत दाबून एकत्र आणली, मग टोक जिथे येईल तो आकडा. दहाच्या रेघेवर कणभर पुढे. पोरीचा मासा होता, ती श्वास रोखून. तो तिला म्हणाला यू आर गुड, आणि निघून गेला.

तो गेल्यावर बाबा म्हणाले, "तिकीट काढून उपयोग काय, चेकिंगला हातात नको?" मग वीस मिनिटं एसटीवर प्रवचन. लोक तिकीट घड्याळाच्या पट्ट्यात खोचायचे, टोपीत ठेवायचे, काही काही लोक तर कानाला अडकवायचे, पण दाखवायचे पटकन. "तुझं ते फोनमध्ये, फोन खिशात, खिसा फडक्याखाली, आणि वर बॅटरी नाही." मी काय बोलणार.

पुढच्या शनिवारी बाबांना रे रॉबर्ट्स लेकच्या स्टेट पार्कात नेलं. टेक्सासच्या स्टेट पार्कात काठावरून गरवायला लायसन्स लागत नाही, पार्कात शिरायची फी तेवढी, इंचांचे आणि संख्येचे नियम मात्र तेच. हे मला आधी का सुचलं नाही माहीत नाही. बाबांनी एक काठी घेतली ती संध्याकाळपर्यंत सोडली नाही. माझं महागडं प्लॅस्टिकचं आमिष बाजूला ठेवून गांडूळ लावलं आणि मला तीन-एक हरवलं. मात्र एक व्हाइट बास साडेनऊ इंचाचा निघाला, तो परत सोडताना जीव गेला त्यांचा. तीनदा मोजला, शेपटी दाबून, मग अजून जोरात दाबून. "चिपळुणात असता तर कालवणात गेला असता," म्हणून सोडला.

संध्याकाळी कलीग भेटायला आला घरी, तो शिकारी माणूस, त्याने बाबांना त्याचं कागदी लायसन्स दाखवलं, खाली हरणांचे टॅग लावलेले. हरीण मारलं की टॅग फाडायचा, त्यावरचा महिना आणि तारीख चाकूने कापून भोक पाडायचं आणि हरणाला बांधायचा. बाबांचे डोळे लकाकले. "अरे हा तर पंच!" म्हणजे मशीन यायच्या आधी तिकिटाच्या ट्रेमधून तिकीट काढून पंचने भोकं पाडायचे तसं. भोक पडलं की तिकीट पुन्हा वापरता येत नाही, त्याचंही तसंच. दोघं अर्धा तास बोलत बसले, बाबांचं इंग्रजी आणि त्याचं टेक्सन, मी मध्ये पडलो नाही. आता डिजिटल लायसन्सवाल्यांना तो टॅग तिथल्या तिथे ॲपमध्ये भरावा लागतो, समुद्रावर 28 इंचांच्या वरचा रेड ड्रम मासा ठेवायचा झाला तरी टॅगच. कलीग म्हणाला मी कागदच घेतो, शिकारीसाठी भाड्याने घेतलेल्या माझ्या जमिनीवर रेंजच नाही. बाबा माझ्याकडे बघून म्हणाले, "बघ."

लायसन्सच्या या पैशाचं काय होतं हे बाबांनी त्याला विचारलं, कारण एसटीच्या माणसाला वेबिल, म्हणजे कंडक्टरचा हिशोबाचा कागद, जुळलं पाहिजे. तर इथे गळ-काठ्यांवर कारखान्यातच साधारण 10 टक्के कर लागतो, तो केंद्राकडे जमतो आणि 1950 च्या एका कायद्याने राज्यांना परत वाटला जातो, त्यात मोठा वाटा किती लोकांनी पैसे भरून लायसन्स काढलंय यावर ठरतो. म्हणजे माझे ते सहा आठवड्यांचे 30 डॉलरही कुठल्यातरी तळ्यात पिल्लं सोडायला कामी आले असतील. बाबांना हे पटलं, पण 16 डॉलर तरी जास्तच, या मतावर ते ठाम.

परत जायच्या आधी बाबांनी मला ती रिसीट प्रिंट करायला लावली. नीट घडी घातली, पारदर्शक प्लॅस्टिकच्या पाकिटात सरकवली, त्यांचा एसटीचा पास जसा ठेवायचे तशी, कडा टेपने बंद केल्या आणि माझ्या गळाच्या डब्याच्या झाकणाला आतून चिकटवली. फोन बुडाला तरी ती तरंगेल म्हणे.

जूनमध्ये त्यांचा व्हिडिओ कॉल आला. मागे धो धो पाऊस, काही ऐकू येत नव्हतं, फोन पऱ्याकडे धरलेला, अंधारात दोन-तीन बॅटऱ्या इकडून तिकडे पळतायत आणि कुणीतरी ओरडतंय. "लागले रे मळये!" मी म्हटलं बाबा, पाण्यात उतरू नका. त्यांनी ते ऐकलंच नाही, फोन तोंडाजवळ आणला, चष्म्यावर पाणी, आणि म्हणाले, "तुझं तीस तारखेला संपतंय हो, काढलंस का नवीन?"